सगळ्यात कमी रेट असूनही काम गेलं, असं का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी न्यू जर्सीतल्या काउंटीच्या टेंडरबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, माझा ऑफिस क्लीनिंगचा छोटा धंदा आहे, आठ माणसं आहेत. काउंटीच्या दोन इमारतींच्या सफाईचं टेंडर भरलं, उघडलं तेव्हा माझा आकडा सगळ्यात कमी होता. दोन आठवड्यांनी पत्र आलं की बिड रद्द, कारण अडेंडमची (टेंडर निघाल्यावर काढलेल्या दुरुस्तीपत्रकाची) पोच जोडलेली नव्हती. अडेंडममधे फक्त मीटिंगरूमचा नंबर बदलला होता! एवढ्यासाठी काम जातं का? कोणाला भेटलं तर माफ होईल? – मिडलसेक्स काउंटीतला एक वाचक

दादा, वाईट वाटलं वाचून, पण खरं सांगते, हे माफ होत नाही. आणि कोणाला भेटून तर अजिबात होत नाही. न्यू जर्सीत काउंटी आणि गावांची खरेदी लोकल पब्लिक काँट्रॅक्ट्स लॉ या कायद्याने चालते, १९७१ चा आहे. त्यात काही कागदांची यादीच दिलीय की टेंडरमधे हे मागितले असतील आणि बिडसोबत आले नाहीत तर ते बिड बाद. बिड गॅरंटी (बिडसोबतची हमीची रक्कम), शुअरिटी म्हणजे हमी देणाऱ्या कंपनीचं संमतीपत्र, कंपनीचे मालक कोण याचा फॉर्म, काही बांधकामांसाठी सबकाँट्रॅक्टरची यादी, आणि अडेंडम मिळाल्याची पोच. यातलं एक राहिलं तर नंतर आणून देता येत नाही, आणि काउंटीच्या बोर्डाला वाटलं की माणूस चांगला आहे, रेट कमी आहे, तरी त्यांच्याही हातात काही नसतं. अडेंडममधे काय बदललं, मोठं की फालतू, हा प्रश्नच तिथे येत नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते. आमचं प्रिंटिंगचं दुकान आहे आणि एका काउंटीत (नाव नको) पहिलं टेंडर भरलं तेव्हा मी स्वतः उघडताना जाऊन बसले होते. छोटी खोली, भिंतीवर घड्याळ, अकरा वाजले की नवीन पाकीट घेणं बंद. एकेक पाकीट फोडून कंपनीचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचतात, कोणीही जाऊन ऐकू शकतं. आमचं पाकीट आलं, बाईंनी आकडा वाचला, मग चेकलिस्ट घेऊन पानं उलटत गेल्या आणि एका पानावर बोट तसंच राहिलं. मालकांची माहिती द्यायचं पान. ज्यांच्याकडे दहा टक्के किंवा जास्त हिस्सा आहे त्यांची नावं आणि पत्ते लिहायचे असतात, आणि आम्ही दोघं नवराबायको अर्धे अर्धे, म्हणून मला वाटलं होतं की यात काय लिहायचं, बाकी कागदांवर सह्या आहेतच की. पान कोरं. बाईंनी काही न बोलता चेकलिस्टवर फुली मारली. तीन रात्री बसून काढलेले रेट, कागदाच्या वजनापासून डिलिव्हरीपर्यंत, आणि गेलं ते त्या एका पानात. गाडीत येऊन बसले आणि रडले मी.

तेव्हापासून आमच्या दुकानात नियम आहे की बिड तयार झालं की ज्याने ते बनवलं नाही असं माणूस चेकलिस्ट घेऊन प्रत्येक पानावर सही बघतं. माझ्या सासूबाई बघतात, त्यांना टेंडरमधलं काही कळत नाही पण कोरी जागा लगेच दिसते. आणि बिड द्यायच्या आदल्या दिवशी काउंटीची पर्चेसिंगची वेबसाइट परत उघडायची, नवीन अडेंडम आलंय का बघायला.

तुमच्या केसमधे अजून एक करा. ज्याला काम मिळतंय त्याचं बिडसुद्धा सार्वजनिक कागद आहे, अर्ज करून बघता येतं. त्याच्याही कागदात तसलीच चूक निघाली तर वकिलाशी बोला, ते मात्र लगेच, बोर्डाने ठराव करायच्या आधी. आणि चूक नाही निघाली तरी चांगलं भरलेलं बिड कसं दिसतं ते कळतं, ते कुठल्याही क्लासमधे शिकवत नाहीत.

प्रश्न: मी एडिसनला घरून डबे देते, पन्नासेक. आमच्या भागात आपली म्हातारी माणसं खूप आहेत आणि सीनियर सेंटरचं जेवण त्यांना जात नाही. काउंटीला वरणभात, पोळीभाजी पुरवायचं काँट्रॅक्ट मला मिळेल का? – एक वाचक भगिनी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडील इथे आले होते तेव्हा सहा महिने सेंटरमधून घरी येऊन परत जेवायचे, त्यामुळे तुम्ही काय म्हणताय ते मला नीट कळतंय.

आधी अडचण सांगते. घरच्या स्वयंपाकघरातून हे होणार नाही. न्यू जर्सीत २०२१ पासून घरी बनवून विकायचं परमिट मिळतं, पण ते केक, बिस्किटं, चिवडा अशा बाहेर ठेवलं तरी न खराब होणाऱ्या पदार्थांसाठी. वरणभात त्यात बसत नाही. म्हणजे आरोग्य खात्याचं लायसन असलेलं किचन लागेल, तासावर भाड्याने मिळतात, एखाद्या हॉटेलवाल्याशी दुपारच्या रिकाम्या वेळेचं ठरवता येतं.

आता पैसा कुठून येतो ते बघा. साठ वर्षांवरच्या लोकांच्या या जेवणासाठी केंद्र सरकार ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट, १९६५ च्या कायद्याखाली पैसे देतं, ते राज्याकडून काउंटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ऑफिसकडे येतात. जेवणाऱ्याकडून बिल घेत नाहीत, इच्छा असेल ते द्यावं असं असतं. पण प्रत्येक ताटात दिवसभराच्या पोषणाचा तिसरा हिस्सा असावा लागतो आणि मेन्यू आहारतज्ज्ञाने पास करावा लागतो. आपलं जेवण यात बसू शकतं, वरण, उसळ, भाजी, दही, पोळी, फक्त मीठ आणि तेल मोजून लिहावं लागेल. "अंदाजाने घालते" तिथे चालत नाही.

पूर्ण काउंटीचं काँट्रॅक्ट पहिल्या दिवशी घ्यायला जाऊ नका, रोजची शेकडो ताटं आणि गाड्या, झेपायचं नाही. छोट्या दाराने जा. टेंडर काढायची सक्ती एका रकमेच्या वरच असते, जिथे क्वालिफाइड पर्चेसिंग एजंट (पात्रता मिळवलेला खरेदी अधिकारी) आहे तिथे ती २०२० मधे ४४ हजार डॉलर केली होती आणि महागाई बघून दर पाच वर्षांनी बदलतात, म्हणून आत्ताचा आकडा विचारून घ्या. त्याच्या खाली टेंडर नाही. मर्यादेच्या १५ टक्क्यांच्या वरची खरेदी असेल तर शक्यतो दोन कोटेशन मागवायची, आणि त्याहून लहान असेल तर तेवढंही नाही. गावाच्या सीनियर सेंटरचं दिवाळीचं जेवण याच्यातच बसतं! पण कोटेशन मागणाऱ्याला तुम्ही आहात हे माहीत तर पाहिजे ना. म्हणून राज्याचं बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, इन्शुरन्सचा कागद आणि मेन्यू घेऊन पर्चेसिंग ऑफिसला जा आणि व्हेंडर म्हणून नाव घाला. सोबत सेंटरमधल्या दहाबारा आजीआजोबांना काउंटीच्या सुनावणीला घेऊन जा, ज्येष्ठांच्या योजनेचा आराखडा करताना या ऑफिसांना लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. आपली माणसं तिथे जात नाहीत आणि मग मेन्यूत आपण नसतो.

प्रश्न: आमच्या टाउनशिप कमिटीची मीटिंग पहिल्यांदाच बघायला गेलो. बर्फ काढायच्या कामासकट अकरा ठराव अर्ध्या मिनिटात पास! चर्चा शून्य. हे कायदेशीर आहे का? – सॉमरसेट काउंटी

आहे काका. त्याला कन्सेंट अजेंडा म्हणतात, रोजचे ठराव एकत्र बांधून एकाच मताने पास करतात. कमिटीतल्या एका जरी मेंबरने सांगितलं तरी एखादा ठराव त्यातून बाहेर काढून वेगळा चर्चेला घेता येतो, म्हणून मीटिंगच्या आधी त्यांना ईमेल करा, "अमुक नंबर बाजूला काढा, मला यावर विचारायचंय". अजेंडा बहुतेक ठिकाणी एकदोन दिवस आधी वेबसाइटवर येतो.

ठराव आणि ऑर्डिनन्स यात मात्र गल्लत करू नका. काँट्रॅक्ट ठरावाने देतात आणि ठराव एका बैठकीत होतो, तुम्ही नंतर गेलात की संपलं. ऑर्डिनन्स म्हणजे गावाचा कायदा, पार्किंग, झोनिंग, कर्जरोखे वगैरे, तो आधी मांडतात, जाहीर करतात, आणि कमीत कमी दहा दिवसांनी सुनावणी घेऊन मग पास करतात. बोलायला वेळ तिथे मिळतो. बर्फाच्या कामाचे कागद हवे असतील तर टाउनशिप क्लार्ककडे ओप्राचा (सरकारी कागद बघायला मिळण्याच्या राज्याच्या कायद्याचा) अर्ज करा, साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. किती बिडं आली आणि रेट काय होते हे दोन मुद्दे नक्की मागा.

प्रश्न: काउंटीच्या जुन्या कागदांवर बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स असं लिहिलंय. ही वेगळी संस्था आहे का?

नाही, तेच बोर्ड. न्यू जर्सीच्या २१ काउंट्यांमधे हे जुनं नाव होतं, ज्याची स्वतःची जमीन तोच पदावर बसू शकायचा त्या काळातलं, म्हणजे बायका आणि काळे लोक बाहेरच. २०२० मधे कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्स झालं. जुनी काँट्रॅक्टं शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर २०२१ च्या आधीचं काहीच सापडणार नाही.