पंकमूळ, देशी आणि एक वळण

दिवाळी अंकासाठी अमेरिकी संगीतावर लेख लिहिणाऱ्या एका वाचिकेनं आपलं एक वाक्य तपासायला पाठवलंय: ‘पंकमूळ असलेले अनेक संगीतकार पुढे पंक सोडून अमेरिकाना आणि पर्यायी देशी संगीताकडे वळले.’ त्या विचारतात, हे मराठी म्हणून बरोबर आहे का, आणि नसेल तर कुठला शब्द बदलू?

बाई, व्याकरणात चूक एकही नाही. पण यातले चार-पाच शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत. मी हे संगीत बरीच वर्षं ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात ‘पंक’पासून. पंक म्हणजे चिखल, हे ‘पंकज’मुळे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजी पंकचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो शब्द शेक्सपिअरच्या काळात वेश्येसाठी वापरत, पुढे अमेरिकेत कुजक्या, चटकन पेट घेणाऱ्या लाकडासाठी, मग उडाणटप्पू पोरासाठी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या समीक्षकांनी तो ओबडधोबड रॉकला लावला आणि दशक संपायच्या आत ते एका चळवळीचं नाव झालं. दोन्ही शब्दांचा उच्चार तंतोतंत एक, देवनागरीत रूपही एक. फरक कळतो तो शब्द कुणाच्या शेजारी बसलाय त्यावरून. ‘पंकचे’, ‘पंकमधून’, ‘पंकवाले’ असे साधे प्रत्यय लावले की इंग्रजी पंक इंग्रजीच राहतो. पण समास केला की संस्कृत पंक जागा होतो. ‘पंकमूळ’ वाचल्यावर माझ्या डोळ्यापुढे कमळाचा देठ आला, गिटार आली नाही. तेव्हा समास टाळा. ‘पंकच्या तालमीत तयार झालेले’ म्हणा. तालीम आखाड्याचीही असते आणि गाण्याचीही, आणि पंकमध्ये अंगमेहनत आणि वाजवणं एकत्रच चालायचं.

मुळांबद्दल एक सावधगिरी. इंग्रजीत ‘रूट्स म्युझिक’ म्हणतात म्हणून पुढे कुठे ‘हे लोक कंट्रीच्या मुळावर आले’ असं लिहून जाल (कंट्री म्हणजे तुम्ही ‘देशी’ म्हटलेलं ते, अमेरिकी खेड्यांकडचं संगीत), तर अर्थ उलटा होईल. मुळाशी जाणं म्हणजे शोध घेणं, मुळावर येणं म्हणजे जिवावर उठणं. एका प्रत्ययाचा फरक आहे.

आता ‘देशी’. तुमच्या वाक्यात मला सगळ्यात जास्त हाच खटकला, आणि सगळ्यात जास्त आवडलाही हाच. खटकला, कारण ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी वाचत आपण मोठे झालो. त्या दारूचं इंग्रजी सरकारी नाव ‘कंट्री लिकर’, आणि मुंबईत त्या दुकानाला ‘कंट्री बार’ म्हणतात. म्हणजे कंट्री या शब्दाचं ‘देशी’ हे भाषांतर आपल्याकडे फार पूर्वी झालंय, फक्त ते दारूच्या खात्यात झालंय. तुमचा वाचक ‘देशी संगीत’ वाचून आधी तिकडेच जाईल.

आवडला तो शास्त्रामुळे. आपल्या संगीतशास्त्रात ‘मार्गी’ आणि ‘देशी’ अशी जुनी जोडी आहे. मार्गी म्हणजे नियमांनी बांधलेलं, देवाधिकांशी जोडलेलं. देशी म्हणजे मुलखामुलखाप्रमाणे बदलणारं, लोकांच्या मनाला रिझवणारं. मतंगाच्या ग्रंथाचं नावच ‘बृहद्देशी’. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’मध्ये हा भेद मांडला, तोही यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत. कल्पना म्हणून ही कंट्रीच्या किती जवळ आहे! त्यात इंग्रजी ‘कंट्री’ म्हणजे राष्ट्रही आणि खेड्यांचा मुलूखही. आपला ‘देश’ म्हणजे राष्ट्रही आणि घाटमाथ्यावरचा देशही. इतकं जमत असूनही मी ‘देशी’ घेणार नाही. शास्त्र जाणणाऱ्याला तो शब्द राग-प्रबंधांकडे नेईल, बाकीच्यांना गुत्त्याकडे, आणि कंट्रीचं घर असलेल्या टेनेसीकडे कुणीच जाणार नाही.

‘लोकसंगीत’ही नको. कंट्री हे पहिल्यापासून ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात वाढलेलं संगीत आहे. १९२७च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर नावाचा माणूस यंत्र घेऊन आला आणि त्यानं कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची गाणी मुद्रित केली, तिथून त्याचा इतिहास सांगतात. तेव्हा या प्रकाराला ‘हिलबिली’ म्हणत. हा शब्द मात्र आपल्याला चटकन कळतो, कारण आपल्याकडे ‘गावठी’ आहे. गावठी म्हणजे अडाणी, खेड्यातून आलेला. आज तीच गावठी अंडी आपण चार पैसे जास्त देऊन आणतो, पण कुणा माणसाला गावठी म्हटलं तर त्याला राग येतोच. अमेरिकेत ही अडचण ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं नाव बदलून सोडवली. १९४९ मध्ये त्यांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीवर ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव आलं. तेव्हा तुम्ही सरळ ‘कंट्री’ किंवा ‘कंट्री संगीत’ लिहा, आणि पहिल्यांदा आला तिथे अर्धं वाक्य खर्चून समजावून सांगा.

‘अमेरिकाना’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण यातला ‘आना’ नजराणा-मेहनतान्यातला असावा असं एकानं मला मागे ठासून सांगितलं होतं म्हणून लिहितो. तो नाही. नजराणा, मर्दाना, जनाना यांतला प्रत्यय फारसीतून आला. अमेरिकानातला लॅटिन आहे, नपुंसकलिंगी अनेकवचनाचा, आणि त्याचा अर्थ ‘अमुकविषयीच्या चिजा’. म्हणून या शब्दात आधी नकाशे, गोधड्या, जुन्या पाट्या असा संग्रह यायचा. कंट्री, लोकगीतं अशा जुन्या अमेरिकी मुळांच्या संगीताला तो ठळकपणे लागला १९९५ मध्ये, ‘गॅव्हिन’ या रेडिओ-व्यवसायाच्या पत्रानं त्या नावाची यादी सुरू केली तेव्हा. १९९९ मध्ये अमेरिकाना म्युझिक असोसिएशन ही संघटना झाली, २०१० मध्ये ग्रॅमीत त्या नावाचं वेगळं पारितोषिक आलं, आणि २०११ मध्ये मेरियम-वेब्स्टरच्या कोशानं संगीताचा अर्थ दाखल करून घेतला. मराठीत मी याला नपुंसकलिंगी ठेवतो. सामान्यरूप करायची वेळ आली तर ‘अमेरिकानाकडे’ लिहा. कॅमेऱ्याकडे, सोफ्यावर या धर्तीवर ‘अमेरिकान्याकडे’ व्हायला शब्द आधी घरात रुळावा लागतो. पिझ्झ्याचं अजून नक्की होत नाहीये, आपण याची घाई कशाला करा?

‘पर्यायी’ बदलाच. मराठीत पर्यायी रस्ता असतो तो मुख्य रस्ता खणून ठेवलाय म्हणून, पर्यायी जमीन मिळते ती मूळची धरणाखाली गेली म्हणून. त्या शब्दात नाइलाज आहे. ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणवणाऱ्यांचा नाइलाज नव्हता. नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्रीच्या धंद्याच्या मुख्य गावाचा, मोठा रस्ता चांगला चालू होता, यांनीच त्यावर जायचं नाकारलं. यासाठी आपल्याकडे सत्तरच्या दशकापासून एक पक्का शब्द आहे, समांतर सिनेमातला ‘समांतर’. धंद्याच्या बाजूला, स्वतःच्या हिमतीवर, कमी पैशांत. ‘समांतर कंट्री’ म्हणा. एकदा ‘ऑल्ट-कंट्री’ हे चलनी नावही द्या, म्हणजे ज्याला शोधायचंय त्याला सापडेल. या नावाविषयी खुद्द त्या लोकांनाही खात्री नव्हती. १९९५ मध्ये पीटर ब्लॅकस्टॉक आणि ग्रँट अल्डन यांनी ‘नो डिप्रेशन’ हे नियतकालिक काढलं, आणि आपण ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’वर लिहितो असं जाहीर करून त्यापुढे ‘ते जे काही असेल ते’ अशी पुस्ती जोडली होती. शिकागोच्या ब्लडशॉट रेकॉर्ड्सनं याहून धारदार विशेषण काढलं, ‘इन्सर्जंट’ कंट्री. बखरी-कागदपत्रांत यासाठी आपल्याकडे ‘पुंड’ आणि ‘पुंडावा’ आहे. पुंड कंट्री. कानाला पंकच्या किती जवळ! मला हा शब्द फार भावतो, पण आज पुंडगिरी गल्लीतल्या दादांची उरलीये, म्हणून ‘बंडखोर’वरच थांबतो.

आता वाक्याचा कणा: ‘पंक सोडून … वळले’.

‘सोडून’ काढून टाका. सोडलं असतं तर हा विषयच उभा राहिला नसता. कंट्रीचा गीतकार हार्लन हॉवर्ड म्हणे, कंट्री म्हणजे तीन कॉर्ड आणि सत्य. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका पंक पत्रिकेत तीन कॉर्डच्या आकृत्या काढून खाली लिहिलं होतं, आता बँड काढा. भांडवल एकच. कॅलिफोर्नियातल्या सोशल डिस्टॉर्शन या पंक बँडनं १९९० मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ वाजवलं ते आपल्या वेगानं, आपल्या गिटारच्या खरखरीसकट. यात कुणी काय सोडलं?

उरलं ‘वळले’. हे क्रियापद एकेका माणसाला लावून बघा.

जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न ही इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावची पोरं. गाव सेंट लुईसजवळ, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला. १९८७ मध्ये त्यांनी ‘अंकल टुपेलो’ हा बँड केला. १९९० मध्ये पहिला अल्बम आला, ‘नो डिप्रेशन’. हे नाव कार्टर फॅमिलीनं १९३६ मध्ये गायलेल्या एका भजनवजा गाण्याचं, आणि तिथलं ‘डिप्रेशन’ म्हणजे मंदी, तीसच्या दशकातली. इंग्रजीत हा शब्द मंदीलाही चालतो, मनाच्या खचण्यालाही, आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबालाही. मराठीत तीन वेगळे शब्द लागतात. भाषांतर करायची वेळ आली तर ‘मंदी’ घ्या, पण कारखाने बंद पडत चाललेल्या पट्ट्यातली विशीची पोरं ते गाऊ लागली तेव्हा दुसरा अर्थही आत शिरला होता, हे टीपेत सांगा. त्याच अल्बममधलं ‘व्हिस्की बॉटल’ ऐका. कडव्यात फरारचा जड, दमलेला आवाज आणि मागे पेडल स्टील गिटारची लांबलचक मींड. आणि ध्रुवपद आलं की इलेक्ट्रिक गिटार भिंत कोसळावी तशी अंगावर येते, मग पुन्हा शांतता. पंक आणि कंट्री एका गाण्यात आळीपाळीनं श्वास घेतात.

दोन वर्षांनी तर त्यांनी गिटारची वायर बहुतेक काढूनच ठेवली. निर्वाणाचा, म्हणजे त्या नावाच्या बँडचा, जगभर गजर चालू असताना हे जॉर्जियातल्या अथेन्सला गेले आणि आर.ई.एम. या बँडच्या पीटर बककडून पाच दिवसांत एक अल्बम करवून घेतला. त्याचं नावच ‘मार्च १६–२०, १९९२’. त्यात ‘मूनशायनर’ हे पारंपरिक गाणं आहे. मूनशायनर म्हणजे हातभट्टीवाला. तुमचा ‘देशी’ शब्द इथे मला पुन्हा आठवला: परवान्याची ती देशी, डोंगरात लपून गाळलेली ती हातभट्टी. पंकवाल्यांना नेमकी दुसरीच हवी होती.

फरारच्या घरी ही गाणी आधीपासून होती. त्याच्या बाबतीत मी ‘वळला’ म्हणणार नाही. तो परतला.

लीड्सच्या ‘मीकन्स’ला मात्र परतायला जागाच नव्हती. १९७७ मध्ये कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढलेला हा इंग्लिश पंक बँड. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात ते कामगारांच्या मदतीसाठी वाजवत होते, आणि १९८५ मध्ये ‘फिअर अँड व्हिस्की’ आला: फिडल, दारू, हरलेल्या माणसांची गाणी, शेवटी कंट्री गायक हँक विल्यम्सनं गाजवलेलं ‘लॉस्ट हायवे’. आपल्या पराभवाची भाषा त्यांना दुसऱ्यांच्या मुलखात सापडली. जॉन लँगफर्ड पुढे शिकागोलाच राहायला गेला. हे ‘वळले’, पूर्ण अर्थानं.

आलेहांद्रो एस्कोवेडोचं कसं लिहाल? जन्म टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा, वाढला कॅलिफोर्नियात. १४ जानेवारी १९७८ला सॅन फ्रान्सिस्कोत सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडचा अखेरचा ठरलेला कार्यक्रम झाला, त्यात त्याचा ‘नन्स’ हा बँड आधी वाजला होता. पुढे ‘रँक अँड फाइल’मधून तो टेक्ससला, ऑस्टिनला आला. तो गावी परतला आणि गाण्यात वळला, दोन्ही.

आणि ट्वीडी वळला तो पुन्हा वळला. १९९४ मध्ये अंकल टुपेलो फुटला, फरारनं ‘सन व्होल्ट’ काढला, ट्वीडीनं ‘विल्को’, आणि २००२च्या ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’पर्यंत विल्को ऑल्ट-कंट्रीच्या बराच पुढे निघून गेला होता.

म्हणून सगळ्यांना मिळून एकच क्रियापद लावायचं तर शेवटी ‘वळले’च ठेवा, असं मी म्हणेन. त्याचं कारण इंग्रजीत नाही, मराठीत आहे. आपलं ‘वळण’ रस्त्याला असतं तसं अक्षराला असतं, पोरांना घरचं वळण असतं, आणि वळणाचं पाणी वळणाला जातं. दिशा बदलणं आणि आधीच्या खोबणीत जाऊन पडणं, लँगफर्ड आणि फरार, दोघंही या एका धातूत बसतात.

जाता जाता एक भाषांतराचा पेच, तुमच्या लेखात येणारच आहे म्हणून. लॉस एंजेलिसच्या ‘एक्स’ या पंक बँडच्या मंडळींनी कंट्री आणि लोकगीतं गाण्यासाठी ‘निटर्स’ नावाचा जोडबँड काढला, १९८५ मध्ये अल्बमही केला. हे नाव म्हणजे ‘वीव्हर्स’ या जुन्या लोकगीत-गटाला दिलेली दाद. इंग्रजीत माग आणि सुया यांची क्रियापदं वेगळी, म्हणून तिथे कोटी होते. मराठीत शालही विणतात आणि स्वेटरही विणतात. भाषांतर केलंत तर दोन्ही बँड ‘विणकर’ होऊन बसतील. नावं तशीच ठेवा.

वाक्य असं करता येईल: ‘पंकच्या तालमीत तयार झालेले अनेक संगीतकार, पंक अंगात घेऊनच, अमेरिकाना आणि समांतर कंट्रीकडे वळले.’ फरारविषयी स्वतंत्र परिच्छेद असेल, तर तिथे ‘परतला’ लिहायला विसरू नका.