घरच्या घरी प्लास्टिकवर अक्षरं कशी कोरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटच्या दारासाठी ॲक्रिलिकची नावाची पाटी स्वतः करायची आहे, नाव मराठीत हवं, लेझर मशीन नाही. सोल्डरिंग आयर्ननं कोरलं तर चालेल का, की एखादं केमिकल मिळतं?

सोल्डरिंग आयर्न नको. पहिली पाटी मी त्यानंच केली होती. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडायला लागतं आणि आयर्नचं टोक तीनशेच्या आसपास असतं. त्यामुळे अक्षर कोरलं जात नाही, वितळतं आणि दोन्ही काठांना त्याचे बांध उभे राहतात. 'कुलकर्णी'मधला पहिला उकार माझ्याकडून असा काही ओघळला की शेजारच्यांनी ते 'कृलकर्णी' वाचलं. घरात वास राहिला तो वेगळाच.

केमिकलचंही नाव सोडा. काचेवर नक्षी उठवायचं जे क्रीम मिळतं ते काचेतल्या सिलिकाला खातं. प्लास्टिकमध्ये सिलिकाच नाही, तेव्हा तासभर थापून ठेवलं तरी धुतल्यावर शीट जशीच्या तशी. ॲसिटोन किंवा थिनर ॲक्रिलिकला खातो खरा, पण अक्षराच्या कडेपाशी थांबत नाही. शिवाय नंतर केसासारख्या बारीक चिरा पडतात.

म्हणजे उरलं हातानं कोरणं. त्याआधी हातातलं प्लास्टिक कोणतं ते बघा. ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ असतं, त्याचा भुगा पडतो, म्हणून ते कोरायला सगळ्यात चांगलं. डबे आणि बादल्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या. तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो आणि तुकडा पाण्यावर तरंगतो. त्यावर कोरायला गेलात तर भुग्याऐवजी तंतू निघतात आणि रंगही धरत नाही. सनबोर्ड म्हणून विकतात तो बऱ्याचदा पीव्हीसीचा असतो. तो चाकूनं कापा, पण तापवू नका आणि लेझरखाली तर अजिबात घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

अक्षरं कोरायची अक्कल आपल्या सगळ्यांना शाळेतच आलेली असते. कंपासपेटीतल्या कर्कटकानं फूटपट्टीवर नाव घातलंच असेल की! छोट्या लेबलाला आजही तेवढं पुरतं. भांड्यांवर नाव घालायचं ते थरथरणारं पेन असतं ना, तेही ॲक्रिलिकवर चालतं. ठिपक्याठिपक्यांचं पांढरं अक्षर उमटतं, आजीच्या डब्यावरच्या नावासारखं. दाराच्या पाटीसाठी मात्र मी छोटं रोटरी टूल (हातात धरायचं, टोक गरगर फिरणारं यंत्र) आणि त्यात बसणारा गोल डोक्याचा बारीक बिट घेईन. असे बिट पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत शोधा. शीट तीन मिलिमीटरची पुरे, आणि पाटी छोटी असेल तर बोर्ड बनवणाऱ्याकडे उरलेला तुकडा मागा.

माझा खरा सल्ला असा की पाटी मागच्या बाजूनं कोरा. समोरून कोरलं की खाचांमध्ये धूळ बसते आणि दिवाळीला टूथब्रश घेऊन बसावं लागतं. मागून कोरलं की समोरची बाजू काचेसारखी सपाट राहते आणि अक्षर आत बुडाल्यासारखं दिसतं. त्यासाठी नाव उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं छापून घ्या. शीटवरचं आवरण काढा, छापलेली बाजू शीटला टेकवून कागद समोरच्या बाजूला चिकटवा आणि शीट पालथी करा. आता आरपार जे उलटं नाव दिसतंय तेच गिरवायचं. डोकं बरोबर अक्षराच्या वर ठेवा. तिरकं पाहिलंत तर शीटच्या जाडीमुळे रेघ सरकते.

टूलचा वेग कमी ठेवा. जास्त वेगानं ॲक्रिलिक तापतं, बिटाला चिकटतं आणि आपण पुन्हा सोल्डरिंग आयर्नपाशीच येतो. एका फेरीत खोल जायचा हट्ट नको; हलक्या हातानं तीन-चार फेऱ्या, अर्धा मिलिमीटर खोली भरपूर झाली. गॉगल आणि मास्क हवाच. टाकाऊ तुकड्यावर आधी सगळं नाव एकदा कोरून बघा, कारण उलटा 'र्ण' हाताला अजिबात ओळखीचा वाटत नाही.

आता मराठीची खरी अडचण: शिरोरेघ. इंग्रजी नावात एखादं अक्षर जरा वरखाली झालं तर खपून जातं. आपल्याकडे डोक्यावरची रेघ सलग आडवी, ती केसभर वाकली तरी जिन्यातून दिसते. फिरता बिट पट्टीला धडकून उडतो, म्हणून रेघ त्यानं मारूच नका. स्टीलची पट्टी घट्ट धरून ॲक्रिलिक कापायच्या सुरीनं हळूहळू आठ-दहा वेळा ओढा. मी अक्षरं आधी कोरतो आणि रेघ शेवटी. पहिलीतल्या बाईंनी असंच शिकवलं होतं, आणि इथे त्याचा फायदा म्हणजे लहानसहान उंचीफरक रेघेखाली झाकले जातात.

स्टेन्सिल करून पॉलिश पेपरनं घासायचा मार्गही आहे. विनाइलच्या स्टिकरमधून अक्षरं कापून काढायची आणि उघडा भाग २२० नंबरच्या पेपरनं ओला करून घासायचा, छान धुरकट अक्षर येतं. पण शिरोरेघ दिली की 'प', 'म', 'ष' सगळे बंद होतात आणि आतले तुकडे सुटे पडतात. ते एकेक जागेवर चिकटवत बसायची तयारी हवी. मला तेवढा धीर नाही.

कोरून झाल्यावर मऊ ब्रशनं भुगा काढा. स्पिरिटनं पुसू नका, ताज्या कोरलेल्या जागी चिरा जातात. पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग खाचांत भरा, वाळायच्या आत वरचा रंग ओल्या फडक्यानं पुसा. तो पक्का वाळला की मागची संपूर्ण बाजू गडद रंगवून टाका. ऑइलपेंट आणि स्प्रेमध्ये थिनर असतो, ते टाळा. रंग न भरता खालच्या कडेला एलईडीची पट्टी लावली तर फक्त अक्षरं उजळतात: उजेड शीटच्या आत परावर्तित होत राहतो आणि कोरलेल्या जागीच बाहेर पडतो.

दहा-बारा पाट्या करायच्या असतील तर मात्र हात दुखवू नका, लेझरवाल्याकडे जा. शीट 'कास्ट', म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागा. एक्सट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर अक्षर पांढरं उठत नाही. फाइल देताना अक्षरांचे कर्व्हज (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार) करून द्या, नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. आणि घरी वापरायचं स्वस्त निळं डायोड लेझर घ्यायचा मोह होत असेल तर थांबा, त्याचा उजेड पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो.

स्क्रूनं बसवणार असाल तर भोकं कोरण्याच्या आधी पाडा, खाली लाकडाची फळी घेऊन आणि अगदी सावकाश. माझी दुसरी पाटी नाव नीट कोरून झाल्यावर शेवटच्या भोकाला तडकली. सध्या दारावर आहे ती तिसरी, आणि ती डबल टेपनं चिकटवलेली आहे.