पेन्शन सोडू नका, आणि बायकोची वर्षं मोजा

तुमचा प्रश्न एवढाच होता: स्किल्ड वर्कर व्हिसावर नाशिकहून इंग्लंडात लेस्टरला निघालोय, पगार ३६,००० पौंड, त्यातून पेन्शनची कपात होणार, पाच वर्षांनी परतायचंच आहे, तर त्यातून बाहेर पडू का? शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंत, ‘बायको मुलीला घेऊन सोबत येतेय, सध्या घरीच असेल.’ मी लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे.

आधी कपातीचं. बाहेर पडू नका. ६,२४० पौंडांच्या वरच्या पगारावर तुमचे ५ टक्के, कंपनीचे ३. म्हणजे तुमच्या खात्यात महिन्याला १९८ पौंड पडतात आणि टॅक्सची सूट धरली तर हातातला पगार जेमतेम ९९ ने कमी होतो. नाही म्हणालात तर कंपनीचे पैसे कंपनीकडेच राहतात, पगारात वाढवून देत नाहीत. मात्र आपल्याकडे नोकरी सुटली की पीएफ काढून फ्लॅटला लावतात, तसं इथे चालत नाही. वयाच्या ५५ पर्यंत हात लावता येत नाही, ६ एप्रिल २०२८ पासून ५७. ‘लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. त्यात ५५ टक्क्यांपर्यंत टॅक्स जातो.

आणि नाव पहिल्याच दिवशी तपासा. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या नोकरीतल्या पेन्शनवाल्यांनी सासऱ्यांचं नावच त्याचं आडनाव करून टाकलं. दुरुस्तीसाठी पुरावा काय मागितला, तर त्या चुकीच्या नावाचं विजेचं बिल! पासपोर्ट, लग्नाचा दाखला, सगळं पाठवून झालं. पत्रं जुन्या पत्त्यावर जात होती ती वेगळीच.

सरकारी पेन्शन निराळी, ती नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे पगारातून वेगळा कापला जाणारा सरकारी विमा किती वर्षं भरला त्याच्यावर. दहा वर्षं झाल्याशिवाय काहीच नाही, पूर्ण मिळायला ३५. पाच वर्षांत परतलात तर नॅशनल इन्शुरन्सच्या कपातीतून पेन्शन उभी राहत नाही. २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत नॅशनल इन्शुरन्स न भरण्याची जी सवलत ठरली, ती भारतातल्या कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्यांसाठी. इथल्या कंपनीत थेट लागणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. आणि पेन्शन सुरू होऊन तुम्ही भारतात राहत असाल, तर रक्कम आहे तिथेच गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. माझा नवरा म्हातारपणी मिरजेला जायचं म्हणतो. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आम्हीसुद्धा पाचच वर्षांसाठी आलो होतो.

एकटेपणाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. असतं. नोव्हेंबरात चारच्या सुमाराला अंधारतं, दिवे लावायचे, कणीक मळायला घ्यायची. सवय होते.

आता तुमच्या बायकोचं. मुलं लहान असताना मीही डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या जोरावर मिळालेल्या व्हिसावर, घरीच होते. इथे मूल बारा वर्षांचं होईपर्यंत घरी राहणाऱ्या आईला नॅशनल इन्शुरन्सचं वर्ष फुकट मिळतं, पण ते चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या, अर्जावर. आणि आपल्या व्हिसाला सरकारी मदत न घेण्याची अट असल्याने तो अर्जच करता येत नाही. कायम राहण्याचा परवाना हातात पडल्याबरोबर मी अर्ज केला, मागची वर्षं मात्र गेली ती गेलीच. सरकारी साइटवर माझा रेकॉर्ड उघडला की प्रत्येक वर्षापुढे शेरा असतो, आणि त्या वर्षांपुढे ‘इयर इज नॉट फुल’. दोन मुलं, आजारपणं, शाळेच्या चकरा, सगळं त्याच वर्षांतलं.

नवरा म्हणतो, पैसे भरून ती वर्षं विकत घे. २०२५-२६ च्या दराने एका वर्षाला ९२३ पौंड, त्यावर पेन्शन वर्षाला साधारण ३४२ ने वाढते. तीन वर्षांच्या आत वसूल. हिशेब चोख आहे. मी फॉर्म उघडते आणि बंद करते. शेजारणीला तेच काम करून जी वर्षं फुकट मिळाली, ती मी विकत का घ्यायची? सहा वर्षं उलटली की हा रस्ताही बंद होतो, हे मला पाठ आहे.

म्हणून तुमच्या बायकोला हे आत्ताच सांगा. डिपेंडंट व्हिसावर नोकरीला परवानगी असते. २०२५-२६ च्या दराने एकाच ठिकाणी आठवड्याला १२५ पौंड मिळाले तरी ते वर्ष धरलं जातं, आणि २४२ पर्यंत स्वतःच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापलाही जात नाही. त्या वर्षी किमान वेतन तासाला १२.२१ होतं, म्हणजे आठवड्याला अकरा तास. शाळेत दुपारचं जेवण वाढणारी डिनर लेडी, दुकानातलं शनिवारचं काम, काहीही चालेल, फक्त वर्षभर हवं. पगार ६,२४० च्या वर गेला तर तिने स्वतःहून पेन्शन मागावी. तेव्हा कंपनीला तिचेही ३ टक्के भरावेच लागतात. पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण आपोआप नाव लागतं ते १०,००० च्या वर.