वाचकांचे प्रश्न: दोस्ताच्या नावानं कुस्त्या भरवायच्यात

प्रश्न: ताई, आमच्या वर्गातला एक जण शाळेकडून कुस्ती खेळायचा, पुढे मुंबई पोलिसात लागला आणि ड्युटीवर असताना गेला. आम्ही दहावीच्या बॅचवाले वर्गणी काढतोय, कोणी म्हणतं चौकात बोर्ड लावू, कोणी म्हणतं शाळेत कुस्त्या भरवू. २१ ऑक्टोबरला ठेवलं तर? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: आधी त्याच्या आईला विचारा, मग तारीख. २१ ऑक्टोबर म्हणजे पोलीस स्मृतिदिन, १९५९ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान गेले तो दिवस. त्या सकाळी नायगावला मानवंदना असते, घरचे कदाचित तिकडे जातील, त्यांची ओढाताण नको. मला विचाराल तर १५ जानेवारी धरा, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता राज्याचा क्रीडा दिन. खाशाबांनी १९५२ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ घेतलं आणि १९५५ला पोलिसात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले, तुमचा दोस्त त्याच वाटेचा की! शिवाय ऑक्टोबरातला पाऊस, त्याचा भरवसा कोणी द्यायचा.

बोर्ड नकोच. चार महिन्यांत त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढतो.

कुस्त्या शाळकरी पोरांच्याच लावा, १४ आणि १७ वर्षांखालच्या, आणि मॅटवर, शालेय स्पर्धा मॅटवरच होतात, मातीचा हट्ट आपल्या हौसेसाठी नको. अशाच एका स्पर्धेला मी गेले होते, पाचची पहिली जोड साडेसातला लागली, तोवर स्टेजवर नुसत्या शाली आणि नारळ, आणि खाली पोरं अंगाभोवती टॉवेल गुंडाळून बसलेली, एक बारका तर आईच्या पिशवीतला पारले-जीचा पुडा संपवून तिथेच झोपला, त्याला उठवून मॅटवर उभा केला तर दहा सेकंदात चितपट. तेव्हा सत्कार शेवटी, आणि आटोपशीर.

वर्गणी बॅचच्या बाहेर मागणार असाल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून तात्पुरती परवानगी काढा, गणपती मंडळं काढतात तीच. ढाली कमी घ्या हो, शाळेच्या कपाटात आधीच धूळ खात पडल्यात, त्यापेक्षा जिंकणाऱ्या एका पोराचा वर्षभराचा खुराक उचला, दूध-बदाम-अंडी जे काय असेल ते. गदा आईच्या हातून द्या. आणि माईकवाल्याला फक्त बक्कल नंबर आणि पोलीस स्टेशन लिहून देऊ नका, त्याचा हुकमी डाव कुठला ते पण द्या, ढाक होता का एकलंगी? तुमच्यातला कोणीतरी पडला असेलच ना त्याच्याकडून.