कॅलेंडरवरच्या एकोणीस फुल्या

"मॅडम, रोज काहीतरी टाकलं नाही तर लोक विसरतात का ओ?"

मी समुपदेशक. छोटा धंदा करणारं कुणी माझ्यासमोर बसलं की सोशल मीडियावरच्या पोस्टबद्दलचा हा प्रश्न हल्ली ठरलेला. कधी टॉवेल-चादरी विकणारा तरुण विचारतो, कधी घरी ब्लाउज शिवणारी बाई. या वेळी विचारणाऱ्या ताई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करतात. हाताखाली दोन बायका, माल निम्मा सोलापुरात आणि निम्मा पुण्याला स्थायिक झालेल्या सोलापूरकरांकडे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या होत्या झोपेसाठी. छातीत धडधडतं म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या, ईसीजी आणि थायरॉइड व्यवस्थित निघालं, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. (ही तपासणी आधी व्हायलाच हवी. धडधड प्रत्येक वेळी मनाचीच असते असं मुळीच नाही.) रात्री एक वाजता जाग येते, हात मोबाइलकडे जातो, पुण्या-मुंबईच्या चटणीवाल्यांच्या रील बघत तीन वाजतात. पाच वाजता पीठ मळायला उठायचं असतं.

दुसऱ्या भेटीला त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णयच काढून आणलं. एका ऑनलाइन कोर्समध्ये सांगितलं होतं, तीस दिवस रोज एक पोस्ट, खंड पडता कामा नये. पानावर लाल पेनाने एकोणीस फुल्या. विसाव्या दिवशी मुलीला टायफॉइड निघाला. पुढचे चौकोन कोरे, आणि मागे उलटत गेलो तर आधीच्या महिन्यांतही तेच: नऊ फुल्या आणि कोरं, बारा फुल्या आणि कोरं. प्रत्येक वेळी परत सुरुवात करताना पहिली ओळ एकच, "खूप दिवस गायब होते, सॉरी." एकीकडे मोबाइलमध्ये न टाकलेले दोन हजारांवर फोटो.

"माझ्यात सातत्यच नाही बघा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत होते. गेली सहा वर्षं ही बाई रोज पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापतेय.

इथे माझी चूक सांगते. मीही उत्साहात म्हटलं, "रोज राहू द्या, आठवड्याला तीन करूया." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात तीन झाल्या, दुसऱ्यात एक, आणि तिसऱ्या आठवड्यात ताई भेटीलाच आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, काय तोंड दाखवू. कोर्सवाल्याने जे केलं तेच मी जरा कमी प्रमाणात केलं होतं. आकडा आधी ठरवला आणि बाई त्यात बसवायला गेले.

त्या परत आल्यावर वेगळं विचारलं. "गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा कोणता?" त्यांना आठवायला वेळ लागला नाही. सासूबाई दवाखान्यात, त्याच आठवड्यात लग्नाची तीनशे भाकरीची ऑर्डर, नवऱ्याची यंत्रमागावर रात्रपाळी. "त्या आठवड्यात काय जमलं असतं?"

"एक फोटो. दोन ओळी. तेबी दवाखान्याच्या बाकावर बसून."

मग तेच माप धरलं. आठवड्याला एक. बुधवारी, कारण बुधवार शेंगा भाजायचा दिवस. जास्त सुचलं तर टाका, पण त्याची फुली मारायची नाही. हे ऐकून त्या हसल्या, एवढंसं कशाला म्हणून. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं इथेच अडतात. आपण वेळापत्रक आखतो आपल्या चांगल्या आठवड्याच्या भरवशावर आणि मोडलं की दोष देतो स्वभावाला. एक दिवस चुकला की सगळंच गेलं, ही 'सगळं नाहीतर काहीच नाही' विचाराची जुनी खोड. परीक्षेच्या पोरांत ती दिसते, डाएट करणाऱ्यांत दिसते, धंद्यात तिला फक्त सातत्य असं भारदस्त नाव मिळतं.

दुसरा गुंता, टाकायचं काय. त्या रील बघून विषय शोधत होत्या. मी म्हटलं, गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा. तीन आठवड्यांत सतरा प्रश्न जमले. चटणी फ्रीजमध्ये ठेवायची का? बिनलसणाची मिळेल का? भाकरी ज्वारीचीच ना? पार्सलमध्ये मोडणार नाही का? उखळात कुटलेली आणि मिक्सरची, फरक काय पडतो? या शेवटच्यावर त्यांनी वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. ना गाणं, ना चेहरा. उखळात मुसळ पडतंय, शेंगदाण्याचं तेल हळूहळू सुटतंय, कूट काठाला चिकटायला लागलंय, मागे सासूबाई कानडीत कुणाला तरी ओरडतायत. मला विचाराल तर त्या ओरडण्यानेच तो व्हिडिओ खरा वाटतो. बाईंना ते कापायचं होतं, मी कापू दिलं नाही.

या सतरा प्रश्नांचा आणखी एक उपयोग झाला. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून उत्तरं साठवता येतात, चॅटमध्ये तिरपी रेघ टाकली की ती समोर येतात. रोज तीच तीच उत्तरं टाइप करण्यात जाणारी संध्याकाळ वाचली. पोस्टसाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही, तो तिथूनच निघाला.

याच सुमारास साठवणीचं बोलणं निघालं. महिन्यातून एका दुपारी चार पोस्ट लिहून ठेवता येतील का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "शिळं वाटणार नाही का?" आणि स्वतःच थांबल्या. "थांबा की. आमची भाकरी तरी काय रोजची असती? एकदा वाळवून डब्यात भरली की महिनाभर हाय." त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात दोन शब्द आले. स्टेटस म्हणजे ओली भाकरी, चोवीस तासांत संपते. आज कढई चढली, आज पाच पाकिटं उरली, एवढंच तिथे. चटणी कशी टिकवायची, पार्सल कसं बांधतो, या कडक भाकऱ्या. त्या डब्यात असू द्यायच्या. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर गर्दी उसळते, बाहेरगावची माणसं घरी येतात, ऑर्डरींना उसंत नसते. तेव्हा नवीन काही थापायचं नाही, डबा उघडायचा.

धंद्याच्या बाजूचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात त्यांच्या मनाचाही मोठा भाग अडकला होता. त्यांनी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली होती, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी. निरोप पाठवला की मोजकेच लोक बोलायचे, बाकी गप्प. ताईंनी अर्थ काढला, लोकांना माझा कंटाळा आलाय. खरं म्हणजे ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. एका यादीत 256 नंबर बसतात, पण सेव्ह केलेला नसेल तर तुमचा निरोप त्या घरी जातच नाही. त्यांनी आठ-दहा जुन्या गिऱ्हाइकांना सहज विचारलं. निम्म्यांकडे नंबर सेव्ह नव्हता, ऑर्डर द्यायची तेव्हा जुनी चॅट शोधायचे. चार महिने ही बाई ज्या नकारापायी जागली, तो नकार कुणी दिलाच नव्हता. मग प्रत्येक पाकिटात बोटभर चिठ्ठी जायला लागली: "नंबर सेव्ह करा, ताजी चटणी कधी ते कळेल."

झोपेचं काम वेगळं चाललं. साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात, स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. पुण्याच्या त्या दोन चटणीवाल्यांना म्यूट केलं, कारण त्यांच्याकडे कॅमेरावाला पगारी आहे आणि रात्री एक वाजता हा फरक डोक्यात राहत नाही. आणि "सॉरी" बंद. खंड पडला तर बुधवारी सरळ चटणीचा फोटो. तुमच्या गैरहजेरीचे दिवस तुम्ही सोडून कुणी मोजत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. विक्री दुप्पट झाली का, असं लोक मला विचारतात. नाही झाली. जुनी गिऱ्हाइकं जरा लवकर परत यायला लागली आणि पुण्याहून काही नवी आली, एवढं वहीत दिसतं. ऑगस्टमध्ये दोन बुधवार कोरे गेले. ताईंनी कॅलेंडर आणलं तेव्हा मी जरा धास्तावूनच पाहिलं. त्या दोन चौकोनांत निळ्या पेनाने लिहिलं होतं, "पाऊस. भाकरी वाळली नाही." तिसऱ्या बुधवारी पोस्ट होती, पावसात भाकरी का वाळत नाही यावर.

शेवटच्या भेटीला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. आमच्या कामात भेटवस्तू घ्यायच्या नसतात, म्हणून मी पैसे पुढे केले. बरीच ओढाताण होऊन त्यांनी ते घेतले. पाकीट उघडलं तर वरच ती चिठ्ठी.

"केलाय का मॅडम सेव्ह?"

सात महिने आमच्या भेटी क्लिनिकच्या वहीतून ठरत होत्या. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता. मी तिथेच, त्यांच्यासमोर, चष्मा शोधून सेव्ह केला.