कमी पाण्याच्या मशीनने ऑफिसचं कार्पेट खरंच साफ होतं का, की नुसतं वरवर पुसलं जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी रात्री ऑफिसचं कार्पेट गरम पाण्याच्या मशीनने धुता, सोमवारी लोक येतात तेव्हा ते दमटच असतं, कुबट वास येतो, आणि गेलेले कॉफीचे डाग बुधवारपर्यंत पुन्हा दिसायला लागतात. विक्रेता म्हणतो लो-मॉइश्चर मशीन घ्या, तासाभरात वाळेल. घ्यावं का?

घ्या. पण ते काय करतं आणि काय करत नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर वर्षभरात तेही स्टोअररूमच्या कोपऱ्यात जाऊन पडेल. मी हाऊसकीपिंगमध्ये चौदा वर्षं काढली आहेत. त्यातली पहिली दोन-तीन तरी ‘पाणी जास्त तेवढी सफाई जास्त’ याच भ्रमात गेली.

आधी त्या डागाबद्दल. तो मुळात गेलेलाच नसतो. कॉफी सांडली की धाग्यांच्या बुडापर्यंत, पार बॅकिंगपर्यंत, म्हणजे धागे ज्यात रोवलेले असतात त्या खालच्या थरापर्यंत उतरते. तुम्ही वरून धुता तेव्हा वरचं निघतं आणि बुडाशी राहिलेलं नुसतं भिजतं. मग कार्पेट वाळायला लागतं ते धाग्यांच्या टोकांकडून. वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी वर चढतं, येताना विरघळलेली कॉफी घेऊन येतं. पाणी उडून जातं, कॉफी टोकाला बसते. आमच्या धंद्यात याला विकिंग म्हणतात. पाणी जितकं कमी आणि वाळणं जितकं लवकर, तितकी ही भानगड कमी.

बरं, शनिवार रात्रीचं कार्पेट सोमवारी दमट राहतं हे गरम पाण्याच्या पद्धतीतही बरोबर नाही. नीट केलेलं एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे गरम पाणी मारून ते मळासकट लगेच ओढून घेणं, साधारण सहा तासांपासून एका दिवसात वाळायला हवं. तुमच्याकडे बहुधा पाणी ओतलं जातंय पण ओढलं जात नाहीये. माणूस पाणी सोडून पुढे जात असेल आणि नुसतं ओढण्याचा कोरडा हात मारतच नसेल, किंवा व्हॅक्यूमचा पाइप कुठेतरी फाटला असेल. शिवाय सुट्टीत एसी बंद, खिडक्या बंद. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ओल राहिली की बुरशीला आमंत्रणच. नवीन मशीन घ्या वा न घ्या, हे आधी तपासा.

आता मशीन. लो-मॉइश्चर म्हणून जे विकतात त्यात बरेच प्रकार येतात. दोन लांब ब्रश एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारं एक. पॅड थरथरत फिरवणारं ऑर्बिटल दुसरं. आणि साध्या फ्लोअर मशीनखाली जाड कापडी पॅड लावून करतात ते बॉनेट. ऑफिसात असतं तसल्या आखूड, गाठींच्या लूप कार्पेटला किंवा कार्पेट टाइलला पहिली दोन्ही चालतात. माझी पसंती ब्रशवाल्याला, कारण ते दबलेले धागे उभे करतं. बॉनेट मी शेवटचा पर्याय मानतो. गोल फिरणारं पॅड घाण थोडी उचलतं, थोडी खाली दाबतं, आणि कट पाइल, म्हणजे लूप कापून धाग्यांची टोकं मोकळी सोडलेलं कार्पेट असेल तर धाग्यांची टोकं पिंजून गोल वळ उठवतं. हे वळ नंतर जात नाहीत.

पण खरं काम केमिकलचं. या पद्धतीला एन्कॅप्स्युलेशन म्हणतात. द्रावणातलं पॉलिमर सुट्या झालेल्या मळाभोवती वाळतं, त्याचे ठिसूळ कण होतात आणि ते नंतरच्या व्हॅक्यूमिंगमध्ये निघतात. म्हणजे मशीन फिरवून झालं की सफाई अर्धीच झालेली असते. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम केलं नाही तर मळ तिथेच आहे, फक्त वेष्टनात.

केमिकल पारखायची युक्ती अगदी घरगुती आहे. वापरायच्या प्रमाणात पातळ केलेलं द्रावण काचेच्या बशीत चमचाभर ओता आणि पूर्ण वाळू द्या. मग नखाने खरवडा. पापुद्रा कडकन तुटून पांढरा भुगा पडला तर ठीक. बोटाला चिकटलं तर तेच चिकट कार्पेटमध्ये राहणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बुटाची धूळ धरून ठेवणार. ‘धुतल्यावर लवकर मळतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. आणि हो, प्रमाण मापानेच घ्या. ‘जरा जास्त टाक, चांगलं निघेल’ म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये असतो.

आता कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं: आधीचं व्हॅक्यूम. कार्पेटमधला बहुतांश मळ कोरडी धूळ-रेती असतो, आणि त्यावर द्रावण मारलं की त्याचा चिखल होतो. एका मोठ्या हॉलमध्ये सुपरवायझर मला छातीठोक सांगत होता की सकाळीच व्हॅक्यूम झालंय. मी ब्रशचं मशीन तसंच कोरडं फिरवलं. पंधरा मिनिटांत दोन्ही ट्रे भरले: केसांचे गुंते, स्टेपलच्या पिना, पेन्सिलीचा भुसा, आणि खाली पिठासारखी करडी रेती. तो बराच वेळ ट्रेकडे बघत राहिला. दारापासून आत येणारी वाट असेल तिथे एका हाताने भागत नाही. सावकाश, उलट-सुलट चार-पाच हात मारावे लागतात.

काही ठिकाणी हे मशीन वापरूच नका. उलटी, लघवी, गटाराचं पाणी किंवा गळतीत भिजलेलं कार्पेट: तिथे घाण बाहेर ओढून काढावीच लागते, वेष्टनात गुंडाळून चालत नाही. म्हणून जुनं एक्स्ट्रॅक्शन मशीन भंगारात देऊ नका. नेहमीचं काम कमी पाण्याने, आणि वर्षातून एक-दोनदा खोलवर धुणं, हा मेळ चांगला बसतो. रोजच्या ये-जा वाटेवरचा जो करडेपणा काहीच केल्या जात नाही, तो पुष्कळदा मळ नसतोच. रेतीने धागे घासले जातात आणि त्यांची चमक कायमची जाते. त्याला कुठलंही मशीन काही करू शकत नाही.

विक्रेता डेमो देईल तेव्हा काळं झालेलं पॅड उलटून दाखवेल. त्यावर भुलू नका. व्हॅक्यूम न केलेल्या कार्पेटवर ओला पंचा घासला तरी तेवढाच काळा होतो. आधी स्वतः नीट व्हॅक्यूम करून घ्या, मग त्याला तुमचा सगळ्यात वाईट कॉफीचा डाग द्या, तोही शनिवारी. आणि ऑर्डरवर सही बुधवारनंतर करा.