आलेख ३० टक्क्यांवर, तरी पॅकेट पडतात कशी?

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये ४० संगणक आहेत. सगळे ४८ पोर्टच्या एकाच गिगाबिट स्विचला जोडलेले, सर्व्हरही त्यालाच. प्रॅक्टिकल संपताना मुलं कॅडच्या मोठ्या फायली एकदमच सर्व्हरवर सेव्ह करतात आणि सगळं अडकतं. सर्व्हरच्या पोर्टवर ‘आउट डिस्कार्ड’चा, म्हणजे बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटांचा (डेटाच्या छोट्या तुकड्यांचा), आकडा हजारोंनी वाढलेला दिसतो. पण दर ५ मिनिटांचा आलेख बघितला तर तो पोर्ट ३० टक्क्यांच्या वर कधी जातच नाही. पुरवठादार म्हणतो, डीप बफरचा, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायला मोठी जागा असलेला, स्विच घ्या. घ्यावा का?
– एक लॅब साहाय्यक, सांगली जिल्हा

उत्तर: नका घेऊ. आधी तो आलेख बाजूला ठेवा. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यातले ९० सेकंद पोर्ट काठोकाठ भरलेला आणि बाकीचे २१० सेकंद रिकामा असला, तरी सरासरी ३० टक्केच येणार. तुमची अडचण त्या ९० सेकंदांत आहे.

तेव्हा स्विचमध्ये काय होतं ते बघू. चाळीस पोर्टांतून प्रत्येकी १ गिगाबिटनं माल येऊ शकतो आणि सर्व्हरकडे जाणारी वाट एकच, तीही १ गिगाबिटची. जास्तीचं सगळं बफरमध्ये थांबतं. या वर्गातल्या कित्येक स्विचमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून साधारण १.५ एमबी बफर असतो. चाळीसही संगणक पूर्ण वेगानं सुटले, तर तो भरायला एक मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो.

शिवाय तो सगळा एका पोर्टला मिळत नाही. समान वाटून टाकला असता तर प्रत्येक पोर्टच्या वाट्याला जेमतेम २१ पॅकेट आली असती, म्हणून बफर सामाईक ठेवतात. पण मग एकच पोर्ट सगळी जागा बळकावेल, त्याचं काय? अभिजित चौधुरी आणि एलन हान यांनी १९९८ साली यावर जो नियम मांडला तो मला फार आवडतो: कोणत्याही रांगेची कमाल लांबी ही त्या क्षणी उरलेल्या मोकळ्या जागेच्या ठरावीक पटीत असावी. पट १ धरली, तर एकट्या तुंबलेल्या पोर्टला निम्मा बफर मिळतो. दोन तुंबले तर प्रत्येकाला एक तृतीयांश. थोडी जागा कायम मोकळी राहते, त्यामुळे उशिरा तुंबणाऱ्या पोर्टलाही वाव मिळतो.

म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या पोर्टला ०.७५ एमबी. आता हिशेब करा. टीसीपीची (पोच घेत घेत डेटा पाठवण्याची पद्धत) सुरुवात आजकाल बहुतेक ठिकाणी १० पॅकेटांनी होते. ४० संगणक, प्रत्येकी १० पॅकेट, दर पॅकेट १,५०० बाइट: ०.६ एमबी. पहिली फेरी मावली. पुढच्या फेरीत प्रत्येकाची पॅकेट दुप्पट होतात, रांग १.२ एमबीकडे सरकते आणि मर्यादेपलीकडचं प्रत्येक पॅकेट स्विच दारातूनच टाकून देतो. याला टेल ड्रॉप म्हणतात.

पॅकेट पडलं म्हणजे स्विच बिघडला, असं मानू नका. टीसीपीला हाच इशारा लागतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड, या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला होता. पॅकेट हरवली की यंत्रं तीच पुन्हा पाठवत राहायची आणि गर्दी वाढतच जायची. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यानंतर टीसीपीला शिकवलं की पॅकेट हरवलं तर हात आखडता घ्यायचा. आजचं इंटरनेट त्या शिस्तीवर उभं आहे.

तुमच्याकडे गोष्टी अडकतात त्या मात्र वेगळ्या कारणानं. रांगेच्या शेवटची पॅकेट एकदम पडली, तर मागून काहीच येत नसल्यानं पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तो पोच येण्याची मुदत संपेपर्यंत गप्प बसतो. लिनक्सवर ही मुदत कमीत कमी २०० मिलिसेकंद. तेवढ्यात गिगाबिट पोर्टवरून २५ एमबी निघून गेलं असतं.

आता डीप बफर. तुम्ही साखरपट्ट्यातले, म्हणून सांगते: कारखान्याचं यार्ड दुप्पट केलं म्हणून गाळप वाढत नाही, उसाच्या गाड्या जास्त वेळ उभ्या राहतात. समजा १ जीबीचा बफर १ गिगाबिटच्या पोर्टमागे पूर्ण भरला, तर शेवटच्या पॅकेटला ८ सेकंद थांबावं लागेल. दूरच्या जोडण्यांना मोठा बफर कामाचा असतो, तिथंही जपून. १० गिगाबिटचा वेग आणि पॅकेट जाऊन पोच परत यायला १०० मिलिसेकंद असतील, तर जुन्या नियमानं (वेग गुणिले हा वेळ) १२५ एमबी लागतात. पण २००४ साली स्टॅनफर्डमधल्या अभ्यासकांनी दाखवलं, की एकाच वाटेवर १०,००० प्रवाह असतील तर त्याचा शंभरावा भाग, १.२५ एमबी, पुरतो.

तुम्ही तीन गोष्टी करा. डिस्कार्ड आणि एरर हे आकडे वेगवेगळे बघा. एरर वाढत असतील तर दोष बहुधा केबलमध्ये आहे, बफरमध्ये नाही. मग क्यूओएस (काही पॅकेटांना प्राधान्य देण्याची सोय) चालू आहे का ते तपासा. काही स्विचवर ते चालू केलं की पोर्टची जागा चार रांगांत विभागली जाते आणि तुमचा सगळा माल एकाच रांगेत कोंबला जातो. गरज नसेल तर बंद करा. आणि स्विचला एसएफपी प्लसचे (१० गिगाबिटच्या जोडणीचे) स्लॉट असतील तर सर्व्हर १० गिगाबिटवर न्या. पॅकेट तरीही पडतील, पण रांग दहापट वेगानं सरकेल. डीप बफरच्या स्विचपुढे हा खर्च फार थोडा आहे.

प्रश्न: घरी कुणी गूगल ड्राइव्हवर व्हिडिओ चढवायला लागलं की माझा कॉल तुटक होतो. पॅकेट मात्र एकही हरवत नाही. असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: हरवत नाही, हेच दुखणं आहे. अपलोड ५ एमबीपीएस आणि राउटरमध्ये १ एमबीचा बफर असेल, तर भरलेली रांग १.६ सेकंदांची होते. तुमचा आवाज त्या व्हिडिओच्या मागे ताटकळतो. कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाचं रांग आवरण्याचं तंत्र मांडलं. ते रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजतं. १०० मिलिसेकंदांत एकदाही थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत आला नाही, तर ते पॅकेट टाकायला लागतं. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, अशाच तंत्रानं रांग आवरणारी सोय असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्येच लागेल. मग अपलोड चालू असताना पिंग करून (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजून) बघा. आकडा शंभर मिलिसेकंदांच्या आत राहिला तर कॉल सुरळीत चालेल.